पेव, मालधक्का आणि आबांची पाठ

"अहो, महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेजांचं नुसतं पेव फुटलंय!"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते ॲडमिशनच्या वेळी, बाबांच्या एका मित्राकडून. मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी फक्त मराठीच्या तासाला, आणि टीचरची पाठ वळली की तेही इंग्लिशमध्ये! मला वाटलं, पेव म्हणजे पाण्याची पाइपलाइन असणार. फुटते म्हणजे पाइपच ना? मग काय, दोन वर्षं मी हा वाक्प्रचार बिनधास्त वापरला. हॉस्टेलवर डासांचं पेव, सेमिस्टरच्या शेवटी सबमिशनचं पेव... कुणी हटकलं नाही. कारण नंतर विचारून पाहिलं तर आमच्या अख्ख्या विंगमध्ये पेव म्हणजे काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं!

यंदा ते मला कळलं. तेही शब्दकोशातून नाही, कॅमेऱ्यामुळे. त्याचीच ही हकीकत. यात थोडं सिव्हिल आहे, थोडं मेकॅनिकल आहे, थोडी फोटोग्राफी आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांनी रागावू नये, त्यांच्यासाठी शेवटी २५ हजार व्होल्ट ठेवले आहेत.

एलिव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे

सुरुवात झाली फोटोंच्या एका पुस्तकापासून. बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन नवरा-बायको. १९५९ पासून त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं – कारखान्यांच्या इमारतींचे फोटो काढणं. पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळशाचे बंकर आणि धान्याचे एलिव्हेटर. एलिव्हेटरवर त्यांचं एक स्वतंत्र पुस्तकच २००६ साली निघालं. प्रत्येक फोटो ब्लॅक अँड व्हाइट, अगदी समोरून, ढगाळ आभाळाखाली. सावली नाही, माणूस नाही. इमारत तेवढी उभी. ओळीने असे पन्नास फोटो पाहिले की आपोआप तुलना सुरू होते. याचं छप्पर असं का? याला खिडक्या का नाहीत? थोडक्यात, फोटो ड्रॉइंगसारखा वाचता येतो.

आता हा धान्याचा एलिव्हेटर म्हणजे काय, ते सांगते. अमेरिकेत किंवा कॅनडात गव्हाच्या सपाट प्रदेशातून रेल्वे जाते, तिथे स्टेशनाशेजारी एक उंच इमारत असते. मैलोन्‌मैल दुसरं काही उंच नसतं, त्यामुळे गावाच्या आधी ती दिसते. आपल्याकडे देवळाचा कळस आधी दिसतो तसं समजा. शेतकरी गाडीतून सुटा गहू आणतो आणि खालच्या खड्ड्यात ओततो. तिथून तो वर चढतो एका पट्ट्यावर लावलेल्या बादल्यांतून. म्हणजे आपलं रहाटगाडगंच, फक्त पाण्याऐवजी गहू. वर गेला की नळीचं तोंड फिरवायचं आणि हव्या त्या उभ्या कोठीत तो सोडायचा. रेल्वेचा डबा आला की कोठीचं खालचं दार उघडायचं, गहू घरंगळत डब्यात. एकदा वर चढवण्याचे कष्ट घेतले की पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं. सगळी युक्ती इतकीच आहे!

ही युक्ती जोसेफ डार्ट नावाच्या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबार या इंजिनिअरच्या मदतीने १८४२-४३ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो बंदरात वाफेच्या इंजिनावर चालवून दाखवली. आधी काय होतं? जहाजातलं धान्य आयर्लंडहून पोट भरायला आलेले मजूर पाठीवरून उतरवत. डार्टने ही कल्पना मांडली तेव्हा एका जाणकार व्यापाऱ्याने त्याला समजावलं म्हणे, की असल्या यंत्रावर पैसे घालू नकोस, आयरिश माणसाच्या पाठीइतका स्वस्त एलिव्हेटर जगात दुसरा नाही. व्यापारी चुकला, डार्ट जिंकला. पण हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर लाकडाच्या जागी काँक्रीट आलं. १८९९-१९०० मध्ये अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसजवळ पीव्ही नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याने काँक्रीटचा गोल एलिव्हेटर प्रयोग म्हणून बांधून घेतला. लोक म्हणत होते हा फुटणार. म्हणजे पीव्हीचं पेव फुटणार! (सॉरी, राहवलं नाही.) तो फुटला नाही, अजून उभा आहे. पुढे ग्रोपिअसने १९१३ साली आणि ल कार्बुझिए याने १९२३ साली एलिव्हेटरांचे फोटो छापून युरोपातल्या आर्किटेक्ट लोकांना सांगितलं, की बघा, नव्या काळाची इमारत अशी दिसते.

तर, असे फोटो आपल्या पुणे-मिरज लाइनवर काढायचे असं मी ठरवलं. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे. लोणंदला कांदा, कोरेगावला घेवडा, तासगावला बेदाणा, सांगलीला हळद आणि गूळ. एवढं पिकतं म्हणजे एवढं साठवतही असणार. फोटो क्लबच्या एका सीनियरचा कॅमेरा उसना घेतला आणि पॅसेंजरच्या खिडकीत बसले.

काहीच उंच नाही!

वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज. तीन रविवार मी या लाइनवर घातले. उंच दिसलं ते काय? पाण्याच्या टाक्या, साखर कारखान्यांची धुराडी आणि मोबाइलचे टॉवर. धान्याचं उंच असं काही नाही. जे होतं ते सगळं आडवं. मालधक्का, त्यावर पत्र्याची शेड, मागे गोदामांची रांग. मिरजेला अन्न महामंडळाची गोदामं, तीही लांबलचक आणि बुटकी.

मी जाम वैतागले. मग विचार केला, की हे असं का आहे, ते तरी शोधू.

पहिलं कारण, पोतं. एलिव्हेटरमध्ये दहा शेतकऱ्यांचा गहू एकाच कोठीत पडतो. कुणाचा कुठला हे उरत नाही. म्हणून आधी प्रत ठरवायची आणि शेतकऱ्याला पावती द्यायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकागोच्या बाजाराने ही पद्धत बसवली आणि त्यावर मोठा व्यापार उभा राहिला. आपल्या मार्केट यार्डात उलट आहे. प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा उतरतो, अडत्याच्या दारात त्याचा वेगळा ढीग लागतो आणि सौदा त्या ढिगाचा होतो. माल कुणाचा, ही ओळख पोत्यात टिकते. कोठीत टिकली नसती.

दुसरं कारण, पिकं. कॅनडाच्या त्या पट्ट्यात शेकडो मैल गहूच गहू. आपल्याकडे एका तालुक्यात ज्वारी, गहू, घेवडा, हरभरा, सोयाबीन, हळद. गूळ तर ढेपेचा, तो कुठल्या नळीतून सोडणार?

तिसरं कारण, शेवटचं टोक. सरकारी धान्य शेवटी रेशन दुकानात जातं आणि तिथे पोतंच लागतं. धान्य तागाच्या पोत्यात भरावं यासाठी १९८७ चा कायदासुद्धा आहे. पंजाबात मोगा आणि हरियाणात कैथल इथे २००७ पासून मोठे स्टीलचे सायलो आहेत, आणि तिथून सुटा गहू खास वॅगनमधून नवी मुंबईसारख्या ठिकाणी येतो. पण पोहोचल्यावर पोत्यात भरावा लागतोच.

हे समजल्यावर मला ती बुटकी गोदामं जरा बरी दिसायला लागली. म्हणजे वाचता यायला लागली. जोतं जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच, का? ट्रकची फळी आणि गोदामाची फरशी एका पातळीत यावी म्हणून, शिवाय पाणी आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून. भिंतीत झडपा दोन ओळींत, एक छताखाली आणि एक फरशीजवळ, का? गार हवा खालून आत, गरम हवा वरून बाहेर. खिडक्या नाहीत, कारण भिंतीला लागून थप्प्या. मालधक्का वॅगनच्या दाराच्या पातळीला. सगळं एका पोत्याच्या आणि ते वाहणाऱ्या माणसाच्या मापाने बांधलेलं.

पण "वाहणाऱ्या माणसाच्या" हे शब्द मला तेव्हा सुचले नव्हते. ते नंतर कळलं.

"माणूस कुठं हाय?"

मी बेखर पद्धतीने फोटो काढत होते. समोरून, सरळ, ढगाळ हवेत. जुलैमध्ये साताऱ्याला ढगांची काय कमी! हमाल जेवायला गेले की क्लिक. कुणी मध्ये आलं की, "काका, जरा बाजूला होता का?" अशा चाळीस फोटोंच्या प्रिंट घेऊन मी सांगलीला आजोळी गेले.

आमचे आबा, म्हणजे आईचे वडील, चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हमाल होते. हे मी कॉलेजात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत तर नाहीच. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं ऑक्युपेशन लागतं, आजोबांचं लागत नाही. बरं वाटायचं.

आबांनी चष्मा लावून एकेक प्रिंट लांब धरून पाहिली. त्यांनी गोदामं बरोबर ओळखली. कुठल्या गोदामाची फरशी घसरडी होती हेही सांगितलं. मग सगळे फोटो माझ्या हातात देत म्हणाले,

"झ्याक हाय बघ. पण माणूस कुठं हाय?"

मी त्यांना समजावलं. आबा, ही एक पद्धत आहे, माणूस आला की लक्ष माणसाकडे जातं, इमारतीचा आकार दिसत नाही. जर्मनीत असे काढतात. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल. तिकडं यंत्र हाय न्हवं? हितं यंत्र कुठं हाय? ते जेवायला गेल्यालं दिसतंय."

मला त्या आयरिश पाठीचं वाक्य आठवलं आणि मी गप्प झाले.

बेखर दांपत्याने यंत्राचा फोटो काढला, त्यात यंत्र होतं. मी यंत्राचा फोटो काढताना यंत्रालाच बाजूला व्हायला सांगितलं होतं! रिकामं गोदाम म्हणजे बादल्यांचा पट्टा काढून टाकलेला एलिव्हेटर.

पाठीचं गणित

त्या रात्री आबा बोलत होते आणि मी मागच्या जर्नलच्या कोऱ्या पानावर लिहून घेत होते. तेव्हा पोतं १०० किलोचं असायचं. (आता सरकारी धान्याचं ५० किलोचं असतं.) "पोतं उचलायचं नसतं," आबा म्हणाले, "पोत्याखाली शिरायचं असतं. उचलाया गेलास की कंबर गेली." दोघं जण पोतं उभं करतात, तिसरा वाकून पाठ लावतो, लोखंडी आकडीने वरचं टोक धरतो आणि गुडघ्यातून उठतो. वजन मणक्याच्या रेषेत आलं पाहिजे. आपण मेकॅनिक्समध्ये कागदावर बाण काढून हेच शिकतो, की बल सेंटरमधून गेलं तर मोमेंट शून्य! आबांना ते सोळाव्या-सतराव्या वर्षी कळलं होतं, व्हायवा न देता.

थप्पी रचताना पोत्यांच्याच पायऱ्या करायच्या आणि त्यावरून चढायचं. समजा थप्पी चार मीटर उंच आहे. १०० किलोचं पोतं चार मीटर चढवायला लागणारं काम १०० गुणिले ९.८ गुणिले ४, म्हणजे सुमारे ३९२० जूल. पण हमाल स्वतः ६० किलोचा आहे, तोही चढतोच. म्हणजे १६० किलो, ६२७२ जूल. यातली साडेसदतीस टक्के मेहनत स्वतःलाच वर न्यायला! आणि खाली उतरताना ती परत मिळत नाही, उलट गुडघे झिजतात. रहाटगाडग्यात मात्र उतरणाऱ्या रिकाम्या बादल्यांचं वजन चढणाऱ्या बादल्यांच्या वजनाला तोलतं, त्यामुळे मोटर उचलते ती (घर्षण सोडलं तर) फक्त गहू. डार्टच्या यंत्राची खरी बचत इथे आहे. दिवसाला शंभर पोती म्हणजे दहा टन. ते मी आबांसमोर मांडलं, तर ते हसले. "शंभर? सीझनला इचारू नगंस."

आज एक मालगाडी येते तिला साधारण ४२ बंद वॅगन असतात. मोठ्यात मोठा हिशोब न करता अडीच हजार टन धरा. ५० किलोची पन्नास हजार पोती झाली. ती उतरवायला वेळ ठरलेला असतो, वर गेला की दंड. मग रात्री लाइट लावून काम चालतं. पुढच्या वेळी मालधक्क्यावर पांढरी धूळ उडालेली दिसली की हा आकडा आठवा.

मिरजेची आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणायची की काय कोण जाणे. पुणे-मिरज लाइन सदर्न मराठा रेल्वेने मीटरगेज बांधली होती, ती १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली. पण मिरजेच्या दक्षिणेला हुबळीकडे मीटरगेजच राहिली, आणि पंढरपूर-लातूरकडे बार्शी लाइटची नॅरोगेज. म्हणजे एकाच स्टेशनवर तीन मापांचे रूळ! रेल्वेवेड्या लोकांना मिरज यासाठी प्रिय. पण एका गेजची वॅगन दुसऱ्या गेजवर जात नाही. मग माल कसा जायचा? एका गाडीतून काढून दुसरीत. कशावरून? पाठीवरून. गेजच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं, ट्रान्सशिपमेंट. आबांचे काही सोबती आयुष्यभर त्या एका ओळीत कामाला होते.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ होती. माथा म्हणजे डोकं, म्हणून माथाडी. मुंबईच्या बाजारातले कितीतरी माथाडी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण-जावळीकडचे. या कायद्यामुळे रोजंदारीच्या माणसाला नोंदणी, फंड, ग्रॅच्युइटी असे शब्द लागू झाले. हे मला सामान्यज्ञान म्हणून माहीत होतं. त्या रात्री आई सहज म्हणाली, "तुझ्या कॉन्व्हेंटची पहिली फी आबांच्या फंडातनं भरली होती. तुला सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं.

जमिनीत उभा सायलो

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "तुला उंचच पायजे ना? चल, दावतो. फक्त उलटं हाय." आणि मला घेऊन गेले हरिपूरला. सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथे एका मोकळ्या जागेत एका दगडी झाकणाकडे त्यांनी काठी दाखवली. "हे पेव."

तर मंडळी, पेव म्हणजे पाइपलाइन नव्हे! पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. वरून तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढं. आत पोट मोठं, रांजणासारखं. खोली वीस-पंचवीस फूट. आत उसाचा पाला, गवत, चटया असं अस्तर लावायचं, हळद भरायची, तोंड झाकून वर माती. हरिपूरची माती घट्ट, तिथे ओल झिरपत नाही आणि भिंत ढासळत नाही, म्हणून सांगलीच्या बाजारातली हळद पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली. चांगला भाव येईपर्यंत दोन-तीन वर्षंसुद्धा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या हळदीच्या नावामागे ही पेवंही आहेत. पेव उघडलं की आतून माल निघतच राहतो, म्हणून एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला की तिचं पेव फुटलं!

आता सिव्हिलवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. सायलो गोल, पेवही गोल. पण कारणं बरोब्बर उलटी. सायलोत धान्य भिंतीला बाहेर ढकलतं, भिंत ताणली जाते, म्हणून तिथे स्टील लागतं. पेवात बाहेरची माती आत ढकलते, गोल भिंत कमानीसारखी दाबली जाते. माती ताण सोसत नाही पण दाब सोसते. म्हणून सिमेंटची एक पाटी न वापरता पेव उभं राहतं. भरलेलं असेल तर धान्य आतून आणि माती बाहेरून एकमेकांना तोलतात.

अजून एक. पाण्याच्या टाकीत खोली दुप्पट केली की तळाचा दाब दुप्पट होतो. धान्यात तसं होत नाही. दाणे भिंतीला घासतात आणि भिंत त्यांचं बरंच वजन उचलते, त्यामुळे एका खोलीनंतर दाब फारसा वाढतच नाही. हे जान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९५ साली गणितात मांडलं. उंच सायलो परवडतात ते म्हणून. पेव खोदणाऱ्यांनी जान्सेन वाचला नव्हता, पण "रुंद नको, खोल काढ" हे त्यांना ठाऊक होतं.

आणि कीड? तोंड बंद झालं की आतली हवा तेवढीच. दाणा, कीड, बुरशी सगळेच श्वास घेतात. ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि आधी कीड मरते. औषध-बिवध काही नाही. पण हाच वायू माणसालाही मारतो. "पेव उघडलं की लगेच उतरायचं न्हाई," आबा म्हणाले. "तोंड उघडं ठेवायचं. मग कंदील सोडायचा. इझला तर माणूस सोडायचा न्हाई." त्यांच्या ओळखीचा एक जण घाईने उतरला होता. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. (आपल्यापैकी कुणाला साइटवर कधी बंद टाकीत, विहिरीत किंवा सायलोत उतरायची वेळ आली तर कंदिलावर विसंबू नका. गॅस डिटेक्टर आणि वर दोरी धरून दुसरा माणूस, याशिवाय उतरायचं नाही. हे एवढं वाक्य तरी या लेखातून घ्या.)

२००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं. हळद गेली, पेवं बसली. २०१९ चा पूर त्याहून मोठा होता. आता माल कोल्ड स्टोअरेजमध्ये आणि गोदामांत जातो. पेवं बुजवून वर घरं झाली. म्हणजे वस्तू गेली, वाक्प्रचार तेवढा राहिला. आणि तो आपण वापरतो कशासाठी, तर इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी.

फोटो काढायचाच असेल तर

जे मी चुकत शिकले ते थोडक्यात सांगते.

एक. रुळावर उतरायचं नाही. रेल्वे ॲक्ट १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे. शिवाय लाइनचं विद्युतीकरण झालंय, वरून २५ हजार व्होल्टची तार जाते. (इलेक्ट्रिकलवाले, आले तुमचे व्होल्ट!) सेल्फी-स्टिक, ट्रायपॉड उंच करणं, वॅगनवर चढणं अजिबात नको. त्या तारेला हात लागायलाच हवा असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी पुरे. फोटोआधी स्टेशन मास्तरांना विचारा. मी एका स्टेशनवर न विचारता कॅमेरा काढला आणि अर्धा तास बाकावर बसून "आय-कार्ड दाखवा" ऐकलं.

दोन. सातारा-मिरज लाइन ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जाते. त्यामुळे सकाळी पूर्वेची बाजू आणि संध्याकाळी पश्चिमेची बाजू उजळते. पन्हळी पत्र्यावर तिरपं ऊन पडलं की प्रत्येक पन्हळ दिसते. आकार पाहिजे तर ढगाळ दिवस, पोत पाहिजे तर सकाळचं ऊन.

तीन. लांब जाऊन झूम करा. जवळून वर तोंड करून काढलात तर भिंती आत झुकतात.

चार. मागे लिहा. स्टेशन, तारीख, कुठल्या दिशेने काढला, गोदामात काय होतं. तारखेशिवायचा फोटो नुसता कॅलेंडरचा होतो. या लाइनच्या दुहेरीकरणात कितीतरी जुन्या शेड आणि धक्के बदलले. उद्या कुणी विचारलं तर त्या फोटोखेरीज दुसरा कागद नसेल.

पाच. आबांचा नियम. माणूस घ्या. पण आधी विचारा, नाव विचारा, आणि प्रिंट नेऊन द्या. मी मिरजेच्या धक्क्यावर परत गेले तेव्हा ज्या मामांना मी बाजूला व्हायला सांगितलं होतं तेच भेटले. "आता नको का बाजूला?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही मामा, आज तुमच्याशिवाय नको." थप्पीच्या पायरीवर पोतं घेऊन ते थांबले. मी म्हटलं थांबू नका, चढत राहा, वजन आहे. हसत म्हणाले, "तू काढ गं, एवढ्यानं काय होतंय." त्या फोटोत गोदामाची उंची, पायरीची उंची, पोत्याचं माप सगळं एकदम समजतं. स्केल टाकायची गरजच पडत नाही.

पेवाचा फोटो मात्र कसा काढायचा ते मला बराच वेळ समजेना. कारण दिसतं काय? सपाट जमीन आणि एक दगड. शेवटी आबांना दगडाशेजारी उभं केलं. त्यांची पाठ आता ताठ होत नाही. ते थोडे वाकलेले आणि काठी त्या झाकणावर टेकलेली. खाली वीस फूट पोकळी आहे हे फोटोत दिसत नाही. ते खाली ओळ लिहूनच सांगावं लागतं, आणि ती ओळ मी मराठीत लिहिली आहे. संपादक मंडळाने तीत दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, त्यांचे आभार!

हॉस्टेलवर आपण चारी बाजूंनी आलोय. कुणाच्या घरी कणगी असेल, कुणाच्या वाड्यात बळद असेल, कुणाच्या गावच्या स्टेशनवर बंद पडलेला मालधक्का असेल. सुट्टीत घरी जाल तेव्हा एक फोटो आणि चार ओळी आणा. गॅदरिंगच्या वेळी मेसच्या भिंतीवर लावू. रेक्टर सरांची परवानगी मी काढते.

आणि हो, त्या भिंतीवर पहिला फोटो आबांचा असेल. खाली लिहिणार आहे : माझे आजोबा, हमाल, मार्केट यार्ड, सांगली.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी, लेडीज हॉस्टेल